छेदात घनमूळ आलं की अनुबद्ध जोडी का चालत नाही, आणि मग काय चालतं

तुझी दोन गणितं आधी इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल कशाबद्दल चाललंय. पहिलं, (क्ष − ८) / (∛क्ष − २) ला सरळरूप द्या. दुसरं, १ / (२ + ∛२ + ∛४) चा छेद परिमेय करा. तुझं म्हणणं असं की पहिल्यात नववीत शिकवल्याप्रमाणे छेदाच्या अनुबद्ध राशीने, म्हणजे (∛क्ष + २) ने, वर खाली गुणलं तरी खाली घनमूळ तसंच राहिलं, पुस्तकातलं उत्तर काही भलतंच दिसतंय, आणि दुसऱ्यात तर तीन पदं असल्यामुळे अनुबद्ध कोणतं घ्यायचं तेच कळत नाही.

मी गेली सव्वीस वर्षं नववी ते बारावीच्या पोरांना गणित शिकवतोय आणि दरवर्षी अकरावीच्या बॅचला हीच अडचण येते. हुशार पोरांनाही येते, कारण त्यांना वर्गमूळाची ट्रिक इतकी पाठ झालेली असते की हात आपोआप तिकडेच जातो. त्यामुळे नुसतं उत्तर देत नाही, मुळापासून सांगतो, थोडं लांबेल पण एकदा बसलं की बसलं.

आधी तुझं काय झालं ते बघू. तू गुणल्यावर आलं

(क्ष − ८)(∛क्ष + २) / (∛(क्ष²) − ४)

हे चूक नाहीये हां, किंमत तीच आहे, क्ष = २७ टाकून बघ, वर १९ × ५ आणि खाली ९ − ४ = ५, म्हणजे १९, आणि मूळ अपूर्णांकाचीही किंमत १९ च येते. फक्त गणित पुढे सरकलं नाही. खाली आधी ∛क्ष होतं, आता ∛(क्ष²) आहे. का? कारण (अ − ब)(अ + ब) = अ² − ब² हे सूत्र प्रत्येक पदाचा वर्ग करतं. वर्गमूळाचा वर्ग केला की मूळ जातं, घनमूळाचा वर्ग केला की त्या संख्येच्या वर्गाचं घनमूळ उरतं. घनमूळ घालवायचं तर घन करावा लागेल, आणि तो अ² − ब² मध्ये होत नाही, तो होतो इथे:

अ³ − ब³ = (अ − ब)(अ² + अब + ब²)
अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²)

ही दोन सूत्रं तू आठवीत अवयव पाडताना शिकलायस, पण तिथे अ आणि ब म्हणजे साधी अक्षरं होती त्यामुळे घनमूळाशी त्यांचा संबंध आहे हे कोणी दाखवलेलं नसतं. आठवीच्याच पुस्तकात घनमूळ वेगळ्या प्रकरणात, अवयव वेगळ्या प्रकरणात, नववीत करणी आली ती बहुतेक सगळी वर्गमूळांची, आणि अकरावीला सीमा, म्हणजे क्ष एखाद्या संख्येच्या जवळ जाताना राशी कुठे जाते ते, शिकताना अचानक हे सगळं एकत्र समोर येतं.

आता मी पोरांना जी सवय लावतो ती सांगतो, आणि या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेव. घनमूळ दिसलं की त्याला लगेच एक साधं अक्षर दे आणि बाजूला चौकटीत लिही की त्या अक्षराचा घन किती. बास. म्हणजे ∛क्ष = म, आणि चौकटीत म³ = क्ष. मग अख्खं गणित म मध्ये लिही, घनमूळाचं चिन्ह पानावरून गेलं की डोकं शांत होतं आणि ते आठवीचं गणित होतं. तुझं पहिलं गणित असं होईल:

(म³ − ८) / (म − २) = (म − २)(म² + २म + ४) / (म − २) = म² + २म + ४

परत म च्या जागी ∛क्ष टाक, उत्तर ∛(क्ष²) + २∛क्ष + ४. आणि शेजारी लिही की क्ष ≠ ८, कारण ८ ला मूळ अपूर्णांकाचा छेद शून्य होतो. हे लिहायला पोरं विसरतात. चेक कर, क्ष = २७ ला ९ + ६ + ४ = १९, क्ष = १ ला मूळ अपूर्णांक (−७)/(−१) = ७ आणि उत्तरात १ + २ + ४ = ७. बरोबर.

इथे बघ, आपण कशानेच वर खाली गुणलं नाही. अंशातच छेद लपलेला होता. म्हणून माझं पोरांना सांगणं असतं की परिमेयीकरण ही दुसरी पायरी आहे, पहिली पायरी कायम अवयव. आधी अक्षर, मग अवयव, मग काटाकाट, आणि त्यानंतरही छेदात मूळ उरलं आणि प्रश्नात छेद परिमेय करायला सांगितलं असेल तरच गुणायला घे. उलट क्रमाने गेलास तर दोन ओळींचं गणित अर्धं पान खातं.

आता अंशात काही लपलेलं नसेल तेव्हा. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे छेदात एकच पद. ६/∛४ घे. इथे पोरं ∛४ नेच वर खाली गुणतात, √४ ची सवय, खाली ∛१६ येतं आणि अडकतात. खाली पूर्ण घन व्हायला काय कमी पडतंय ते बघायचं. ४ म्हणजे २ × २, घन व्हायला अजून एक २ पाहिजे, म्हणून ∛२ ने गुण, खाली ∛८ = २, वर ६∛२, उत्तर ३∛२. अक्षरं असली तरी हेच, २ / ∛(९अ²ब) मध्ये ९ ला अजून एक ३ पाहिजे, अ² ला एक अ पाहिजे, ब ला दोन ब पाहिजेत, म्हणजे ∛(३अब²) ने गुणायचं, खाली ∛(२७अ³ब³) = ३अब, उत्तर २∛(३अब²) / (३अब). प्रत्येकाचे तीन पूर्ण करायचे एवढंच.

छेदात दोन पदं असतील तर वरची सूत्रं उलटी वापरायची. छेदात (अ − ब) असेल तर (अ² + अब + ब²) ने गुण, (अ + ब) असेल तर (अ² − अब + ब²) ने. उदाहरण १ / (∛३ − ∛२). अ = ∛३, ब = ∛२, तर अ² = ∛९, अब = ∛६, ब² = ∛४. खाली ३ − २ = १ उरतो, आणि उत्तर सरळ

∛९ + ∛६ + ∛४

कॅल्क्युलेटरवर बघ, ∛३ − ∛२ साधारण ०.१८२३३ येतं, १ भागिले ते केलं की ५.४८५ च्या आसपास, आणि ∛९ + ∛६ + ∛४ म्हणजे २.०८०१ + १.८१७१ + १.५८७४ = ५.४८४६. जुळलं.

यात चिन्हांची एक चूक इतक्या वेळा होते की वेगळी सांगतो. मधल्या पदाचं चिन्ह छेदातल्या चिन्हाच्या उलटं असतं आणि मधल्या पदात २ नसतो. अ² + २अब + ब² हा (अ + ब) चा वर्ग आहे, त्याचा इथे काही संबंध नाही. पण तुझ्या पहिल्या गणितात म² + २म + ४ आला, तिथला २ हा सूत्रातला नाही, तो ब = २ आहे म्हणून अब = २म आलाय. हा फरक कळला नाही तर पोरगं पुढच्या गणितात सगळीकडे २ लावत सुटतं.

आता असं का, म्हणजे वर्गमूळाला एक जोडीदार पुरतो आणि घनमूळाला तीन पदांची राशी का लागते. √५ चा वर्ग ५, आणि −√५ चाही वर्ग ५ च. वर्ग ५ असणाऱ्या संख्या दोनच, एक आपल्याकडे आहे, दुसरी चिन्ह बदलून मिळते, दोन्हींचा गुणाकार केला की मूळ नाहीसं. घन ५ असणाऱ्या संख्या मात्र तीन आहेत. एक ∛५ ही वास्तव, आणि उरलेल्या दोन संमिश्र, ∛५ × ω आणि ∛५ × ω², ओमेगा म्हणजे एकाचं संमिश्र घनमूळ, ते तुला याच वर्षी येईल. म्हणजे (अ − ब) चे जोडीदार दोन, (अ − ωब) आणि (अ − ω²ब). त्या दोघांचा गुणाकार करून बघ, ω + ω² = −१ आणि ω³ = १ वापरून, तो बरोबर अ² + अब + ब² येतो. तर ती तीन पदांची राशी म्हणजे दोन अदृश्य जोडीदारांचा गुणाकार आहे. मला स्वतःला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण त्याआधी मी ते सूत्र नुसतं पाठ करून वापरत होतो.

आणि चिन्ह उलटं करण्याची ती युक्ती किती जुनी आहे माहितीये? ब्रह्मगुप्तांनी इसवी सन ६२८ मध्ये ती दिलीय, आणि नंतर बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणितात, तेच भास्कराचार्य ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे. भाजकातल्या एका करणीचं चिन्ह उलटं करायचं, त्या राशीने भाज्य आणि भाजक दोघांना गुणायचं, आणि भाजकात एकच करणी उरेपर्यंत हे करत राहायचं. पण त्यांच्याकडे करणी म्हणजे जिचं वर्गमूळ घ्यायचं ती संख्या. नियम वर्गमूळासाठीच होता आणि तिथे तो नेहमी चालतो. आपण नववीत तोच नियम शिकतो आणि मग घनमूळावर लावायला जातो, म्हणून अडतं.

आता तीन पदी छेद, म्हणजे तुझं दुसरं गणित. त्याआधी तीन पदी छेदाचा सोपा प्रकार बघ. १ / (∛२५ + ∛५ + १). इथे म = ∛५, चौकटीत म³ = ५. छेद झाला म² + म + १, आणि हा तर अ² + अब + ब² चाच नमुना, त्याचा जोडीदार (म − १). वर खाली (म − १) ने गुण, खाली म³ − १ = ४, उत्तर (∛५ − १)/४. म्हणजे छेदात दोन पदं असली की तीन पदांनी गुणायचं आणि तीन पदं असली की (नमुना जुळत असेल तर) दोन पदांनी. ∛४ + २∛२ + ४ असा छेद दिला तरी घाबरू नकोस, म = ∛२ धरलं की म² + २म + ४, जोडीदार (म − २), गुणाकार म³ − ८ = −६, तर १ भागिले तो छेद म्हणजे (२ − ∛२)/६.

तुझा छेद २ + ∛२ + ∛४ आहे. म = ∛२, म³ = २, छेद २ + म + म². हा नमुन्यात बसत नाही, १ + म + म² असता तर बसला असता, २ ने घोळ केला. अशा वेळी सगळीकडे चालणारं हत्यार म्हणजे हे सूत्र:

अ³ + ब³ + क³ − ३अबक = (अ + ब + क)(अ² + ब² + क² − अब − बक − कअ)

अ = २, ब = ∛२, क = ∛४ धर. डावीकडे ८ + २ + ४ − ३ × २ × ∛८ = १४ − १२ = २. सगळी मुळं गेली, ती जातातच, कारण ब आणि क चा गुणाकार ∛२ × ∛४ = २ हा पूर्णांक आहे. आता ज्याने गुणायचं ती राशी काढू: ४ + ∛४ + ∛१६ − २∛२ − २ − २∛४. इथे ∛१६ = २∛२ आहे हे दिसलं पाहिजे, मग ते −२∛२ शी उडतं, आणि उरतं २ − ∛४. तर

१ / (२ + ∛२ + ∛४) = (२ − ∛४) / २

चेक, छेद ४.८४७३, त्याचा व्यस्त ०.२०६३, आणि (२ − १.५८७४)/२ = ०.२०६३. बरोबर.

पण याच प्रकारच्या गणितात काही वर्षांपूर्वी आमच्या क्लासमधल्या एका मुलीने मला वेगळी वाट दाखवली. मी फळ्यावर ते लांबलचक सूत्र मांडत होतो आणि ती म्हणाली, सर, चौकटीत म³ = २ लिहिलंय ना, मग छेदातला तो २ पण म³ च लिहा की. लिहिलं.

म³ + म + म² = म(म² + म + १)

आणि म² + म + १ म्हणजे (म³ − १)/(म − १) = १/(म − १). म्हणजे अख्खा छेद म/(म − १), आणि त्याचा व्यस्त (म − १)/म = १ − १/म = १ − म²/२. तीन ओळी. तेव्हापासून मी चौकट दोन्ही बाजूंनी वाचायला शिकवतो, म³ दिसला की संख्या टाक आणि कधी कधी संख्या दिसली की म³ टाक. परीक्षेत ही दुसरी वाट सुचली तर छान, नाही सुचली तर मोठं सूत्र आहेच, ते वेळ खातं पण दगा देत नाही.

आता अपूर्णांकांची बेरीज वजाबाकी असते तिथे बघ. १/(∛क्ष − १) − ३/(क्ष − १). घनमूळं ठेवून समच्छेद करायला गेलास तर भयानक दिसतं. म मध्ये लिही, दुसऱ्याचा छेद म³ − १, त्यात पहिला छेद (म − १) आहेच, म्हणजे लसावि म³ − १.

(म² + म + १ − ३) / (म³ − १) = (म² + म − २) / (म³ − १) = (म + २)(म − १) / ((म − १)(म² + म + १)) = (म + २) / (म² + म + १)

म्हणजे (∛क्ष + २) / (∛(क्ष²) + ∛क्ष + १). क्ष = ८ ला मूळ राशी १ − ३/७ = ४/७, उत्तर ४/(४ + २ + १) = ४/७. आता इथे प्रश्न येतो की छेदात तर अजून घनमूळ आहे, हे सरळरूप झालं का? माझं मत स्पष्ट आहे, झालं. समान अवयव उरला नाही, काम संपलं. छेद परिमेय करायला गेलास तर परत (म − १) ने गुणून म² + म − २ भागिले क्ष − १ येणार, म्हणजे जो अवयव आत्ता कष्टाने काटला तोच परत आणायचा. आणि त्या रूपात क्ष = १ टाकलं तर ०/० येतं, आधीच्या रूपात मात्र ३/३ = १ येतं, म्हणजे क्ष १ च्या जवळ जाताना राशी कुठे चाललीय ते दिसतं. ज्याला सीमा काढायचीय त्याला हे रूप सोन्यासारखं. पण प्रश्नात स्पष्ट छेदाचे परिमेयीकरण करा असं लिहिलं असेल तर मात्र करून द्यायचं, तिथे वाद घालायचा नाही, मार्क जातात.

आणि सगळीकडे घनाचंच सूत्र शोधत बसू नकोस हेही सांगतो, कारण हे वाचून झाल्यावर तुझा हात तिकडेच जाईल. (∛(क्ष²) − ४) / (∛(क्ष²) − ∛क्ष − २) हे बघ. म मध्ये (म² − ४)/(म² − म − २), वर साधा वर्गांचा फरक (म − २)(म + २), खाली साधी वर्गराशी (म − २)(म + १), उत्तर (∛क्ष + २)/(∛क्ष + १), क्ष ८ नको आणि −१ नको. घनाचं सूत्र लागलंच नाही. अक्षर दिल्याचा फायदा हाच की कोणतं सूत्र लावायचं ते राशीच सांगते, घनमूळाचं चिन्ह बघून आपण आधीच ठरवत नाही.

दोन अक्षरांचं एक मोठं गणित करून दाखवतो, असली प्रवेश परीक्षांच्या पुस्तकांत हमखास असतात आणि बघूनच पोरं पान उलटतात.

[ (∛(अ⁴) − २७ब∛अ) / (∛(अ²) + ३∛(अब) + ९∛(ब²)) ] ÷ [ १ − ३∛(ब/अ) ]

म = ∛अ, न = ∛ब. चौकटीत म³ = अ, न³ = ब. पहिला अंश म⁴ − २७मन³ = म(म³ − २७न³) = म(म − ३न)(म² + ३मन + ९न²). छेद म² + ३मन + ९न². काटला, उरलं म(म − ३न). दुसरा कंस १ − ३न/म = (म − ३न)/म. भागाकार म्हणजे व्यस्ताने गुणणं, म(म − ३न) × म/(म − ३न) = म². उत्तर ∛(अ²). एवढं मोठं धूड आणि उत्तर इतकुसं. अ = ८, ब = १ टाकून बघ, पहिला अंश १६ − ५४ = −३८, छेद ४ + ६ + ९ = १९, भागाकार −२, दुसरा कंस १ − ३/२ = −१/२, शेवटी ४, आणि ∛६४ = ४. अटी लिहायच्या, अ ≠ ० आणि अ ≠ २७ब.

हे संख्या टाकून बघणं मी वारंवार करतोय ते मुद्दाम. घनमूळांच्या गणितात चेकसाठी ८, २७, −१, −८ अशा पूर्ण घन संख्या घ्यायच्या म्हणजे कॅल्क्युलेटर लागत नाही, तोंडी होतं. क्ष = ० आणि क्ष = १ वर विसंबू नकोस, तिथे ∛क्ष, क्ष, क्ष² सगळे सारखेच येतात त्यामुळे घातांकाची चूक पकडलीच जात नाही.

चुकांवरून आठवलं, ∛(अ + ब) म्हणजे ∛अ + ∛ब नव्हे. ∛(१ + ८) = ∛९ = २.०८, आणि ∛१ + ∛८ = ३. हे सगळ्यांना माहीत असतं तरी ∛(क्ष³ + ८) दिसलं की क्ष + २ लिहून मोकळे होतात. वर्गमूळाच्या सवयीची अजून एक चूक ऋण संख्यांची आहे, √(क्ष²) = |क्ष| पण ∛(क्ष³) = क्ष, इथे केवल मूल्य लावायचं नाही. ∛(−८) = −२, सरळ. फक्त कॉम्प्युटरवर सांभाळ, पायथॉनमध्ये (−८) चा १/३ घात मागितला तर तो −२ देत नाही, साधारण १ + १.७३२ गुणिले काल्पनिक एकक अशी संमिश्र संख्या देतो. तो चुकत नाहीये, तीन घनमूळांपैकी दुसरं निवडतोय.

आणि उत्तर लिहिण्याआधी करणीस्थ संख्येतले पूर्ण घन बाहेर काढ, ∛(५४क्ष⁴) तसंच ठेवू नकोस, ते ३क्ष∛(२क्ष) आहे. (∛५४ + ∛१६)/∛२५० बघून कोणाला वाटेल का की हे १ आहे? पण ३∛२ + २∛२ भागिले ५∛२, झालं.

पोरं विचारतात की सर आता कॅल्क्युलेटर आहे, मग छेदातलं मूळ घालवायचं कशाला. हा प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर फक्त जुनी पद्धत एवढंच नाही. ∛१००१ − १० काढायचंय आणि तुझ्याकडे चार दशांश स्थळांपर्यंतच किंमत आहे असं समज. १०.००३३ − १० = ०.००३३, हातात दोनच विश्वासू अंक उरले. आता हेच उलट्या बाजूने कर, म्हणजे त्याच तीन पदांनी वर खाली गुणून या वेळी अंशातलं मूळ घालव, १ / (∛(१००१²) + १०∛१००१ + १००). छेद साधारण १००.०७ + १००.०३ + १०० = ३००.१, आणि १/३००.१ = ०.००३३३२. त्याच चार स्थळांच्या किमतीतून चार अंक बरोबर मिळाले, कारण जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी आपण टाळली. कॉम्प्युटरवर मोठे हिशोब करणारे लोक आजही राशी अशाच बदलून घेतात.

आणि तुझ्यासाठी सगळ्यात जवळचं कारण म्हणजे सीमा. क्ष ८ कडे जाताना (∛क्ष − २)/(क्ष − ८) ची सीमा हा तुझ्या पहिल्या गणिताचा व्यस्तच आहे, १ / (∛(क्ष²) + २∛क्ष + ४), क्ष = ८ टाक, १/(४ + ४ + ४) = १/१२. पुढे व्याख्येवरून ∛क्ष चं विकलज (derivative) काढताना (∛(क्ष + ह) − ∛क्ष)/ह येतं, तिथे अ = ∛(क्ष + ह), ब = ∛क्ष, त्याच तीन पदांनी वर खाली गुणायचं, वर ह उरतो, खालच्या ह शी जातो, आणि ह शून्याकडे गेला की छेदात तिन्ही पदं ∛(क्ष²) होतात. म्हणून १ / (३∛(क्ष²)). तो ३ कुठून आला हे सूत्र पाठ करणाऱ्याला सांगता येत नाही, तुला आता सांगता येईल.

छेदात एक वर्गमूळ आणि एक घनमूळ असं मिश्र आलं तर दोन टप्प्यांत जा, आधी वर्गमूळ घालव. १/(√२ − ∛३) मध्ये आधी (√२ + ∛३) ने, खाली २ − ∛९ उरेल, आता हा घनमूळाचा दोन पदी छेद, त्याला (४ + २∛९ + ∛८१) ने, खाली ८ − ९ = −१. उत्तर −(√२ + ∛३)(४ + २∛९ + ३∛३). इथे कंस सोडवत बसू नकोस, असंच ठेव.

सरावाला चार देतो, उत्तरांसकट, पण आधी स्वतः कर. (क्ष + २७)/(∛क्ष + ३) चं उत्तर ∛(क्ष²) − ३∛क्ष + ९. ४/(∛७ − ∛३) चं ∛४९ + ∛२१ + ∛९. १/(∛९ − ∛३ + १) चं (∛३ + १)/४. आणि चौथं १ / (३ + ∛३ + ∛९), हे मोठ्या सूत्राने कर आणि मग त्या मुलीच्या वाटेने कर, चौकटीत म³ = ३ लिहून. या वेळी म³ − १ हा १ नाही, २ आहे, त्यामुळे शेवटी छेदात एक २ जास्त येईल, उत्तर (३ − ∛९)/६. तिथे अडलास तर कोणत्या ओळीत अडलास ती ओळ जशीच्या तशी लिहून पाठव.